आधी रक्त, मग अन्न

‘पोटात काही गेलं का?’ आजारी माणसाबद्दल आपला पहिला प्रश्न हाच असतो. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे असलेले नातेवाईकही तोच विचारतात, मग ते नागपूरचे असोत की इंदूर-बडोद्याचे. डॉक्टर सांगतात, ‘आज नळीतून काहीच द्यायचं नाही.’ घरच्यांना वाटतं, आपल्या माणसाला उपाशी ठेवलंय. या थांबण्यामागचं कारण आज समजून घेऊ.

आपण शांत बसलेले असताना हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा ते चौथा हिस्सा आतडी, यकृत अशा पोटातल्या अवयवांकडे जातो. जेवल्यावर आतड्यांकडचा ओघ आणखी वाढतो. पचवणं आणि शोषून घेणं ही मेहनत आहे, तिला प्राणवायू लागतो.

आता शॉक. हा मनाला बसलेला धक्का नव्हे. गंभीर जंतुसंसर्ग, मोठा रक्तस्राव किंवा हृदयविकारामुळे अवयवांना पुरेसं रक्त मिळेनासं होतं. तेव्हा मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी शरीर आतड्यांच्या रक्तवाहिन्या आवळतं. रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांची मात्रा मोठी असेल, तर त्या आणखी आवळू शकतात. अशा वेळी पोटात अन्न गेलं की आतड्याचं काम वाढतं, रक्त मात्र वाढत नाही. क्वचित आतड्याचा भाग मरतो आणि ते जिवावर बेततं.

फ्रान्समधल्या 44 अतिदक्षता विभागांत शॉकमध्ये असलेल्या, व्हेंटिलेटरवरच्या 2,410 रुग्णांचा अभ्यास झाला. तो 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. साधारण निम्म्यांना नळीने पोटात, बाकीच्यांना शिरेतून लवकर पोषण दिलं. मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. पण आतड्याचा रक्तपुरवठा बिघडलेले रुग्ण नळीच्या गटात 19 होते, शिरेच्या गटात 5. म्हणजे धोका दुर्मीळ आहे, पण खरा आहे.

मग पोट रिकामंच ठेवायचं का? नाही. फार दिवस अन्न मिळालं नाही, तर आतड्याचं अस्तर झिजतं. म्हणून रक्तदाब स्थिरावला, औषधांची मात्रा उतरू लागली, की नळीतून थोडं थोडं सुरू करतात. अनेकदा तासाला 10 ते 20 मिलिलिटर, म्हणजे दोन-चार चमचे. पोट फुगलं, दुखलं किंवा उलटी झाली, तर पुन्हा थांबून तपासतात.

साध्या तापातल्या पेजेला हे लागू नाही. पण आपलं माणूस शॉकमध्ये असेल, तर ‘जेवण का नाही?’ याऐवजी विचारा, ‘रक्तदाब स्थिर झाला का? आहार कधी सुरू करता येईल?’ आणि प्रेमापोटी, कुणाला न विचारता, नळीत नारळपाणी घालू नका. त्या दिवशी आतड्याला अन्नाआधी रक्त हवं असतं.