पैकीच्या पैकी गुण, आणि गोळी खिडकीबाहेर

बचत गटातल्या सगळ्या ताई, काकू, मावशी आणि आज्यांनो, आम्ही सातवीच्या मुली. आम्ही डोंगराकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकतो. रेडिओवर बोलायचं ठरलं तेव्हा बाईंनी विचारलं, "कशावर बोलाल?" आम्ही म्हटलं, विज्ञानावर. पण पुस्तकातला धडा म्हणून दाखवणार नाही. आमचीच एक चूक सांगणार आहोत.

सहामाही परीक्षेत प्रश्न आला होता: रक्तक्षय कशामुळे होतो? आम्ही लिहिलं, अन्नातून लोह कमी मिळाल्यामुळे. हिमोग्लोबिन रक्तातून सगळ्या शरीराला प्राणवायू पोचवतं, हेही लिहिलं. बहुतेकींना पैकीच्या पैकी गुण मिळाले. आणि त्याच आठवड्यात, सोमवारी शाळेत मिळालेली लोहाची निळी गोळी आमच्यातल्या कितीतरी जणींनी गालात धरली आणि मागच्या खिडकीतून बाहेर टाकली.

का टाकली? मळमळतं म्हणून. शौचाला काळं होतं, त्याची भीती वाटली म्हणून. आणि कोणीतरी सांगितलं होतं की ही गोळी पुढे मूल होऊ नये म्हणून देतात. उत्तर आम्हाला पाठ होतं, पण ते उत्तर आणि ही गोळी यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे डोक्यात आलंच नव्हतं.

मग एक दिवस प्रार्थनेला उभं असताना आमच्यातली एक चक्कर येऊन पडली. उपकेंद्रातल्या सिस्टरांनी शाळेत येऊन आमचं रक्त तपासलं. आमच्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 तरी हवं. वर्गातल्या निम्म्याहून जास्त जणींचं त्याच्या खाली निघालं. पडली तिचं 9 होतं. खिडकीखालच्या गवतात बाईंना निळ्या गोळ्या सापडल्या, तेव्हा आम्हाला वाटलं आता छडी मिळणार. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या मनात काय काय आहे ते सगळं फळ्यावर लिहा. मग एकेक तपासून पाहू."

मळमळीचं उत्तर आधी सापडलं. सोमवारी आमच्यातल्या कित्येक जणी खिचडी न खाता, रिकाम्या पोटीच गोळी घेत होत्या. जेवून घेतल्यावर बऱ्याच जणींचं मळमळणं थांबलं. शौचाला काळं होतं ते अंगात न मुरलेल्या लोहामुळे, त्यात भिण्यासारखं काही नाही. आणि मूल न होण्याची गोष्ट साफ खोटी. सिस्टर म्हणाल्या, गरोदर बायांना तर आम्ही लोहाच्या गोळ्या मुद्दाम देतो.

मग प्रश्न आला चहाचा. सिस्टरांनी सांगितलं होतं, गोळीबरोबर चहा घेऊ नका. आम्ही विचारलं, का? बाई म्हणाल्या, "करून बघू." एका गोळीवरचा निळा लेप त्यांनी धुऊन काढला, गोळी कुटली आणि पाण्यात कालवली. एका पेल्यात लिंबाचं पाणी, एकात बिनदुधाचा चहा. दोन्हींत थोडं थोडं ते पाणी ओतलं. लिंबाचं पाणी होतं तसंच राहिलं. चहा शाईसारखा काळा झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक म्हणाली, "चहा तर आधीपासूनच काळपट असतो!" म्हणून तिसऱ्या पेल्यात नुसता चहा ओतून शेजारी ठेवला. मग फरक सगळ्यांना दिसला. बाई म्हणाल्या, आजचा सगळ्यात चांगला प्रश्न हिचा. त्या मुलीला परीक्षेत नेहमी कमी गुण पडतात.

घरी आज्यांना हे सांगितलं. एकीची आजी हसली आणि म्हणाली, "त्यात काय नवल! हिरडा फोडताना विळ्याचं पातं काळं होतं, बोटं काळी होतात. तुरट वस्तू लोखंडाला धरते." दुसऱ्या दिवशी आम्ही हिरड्याचं पाणी शाळेत नेलं. त्यात गोळीचं पाणी घातलं, तेही काळं! बाईंनी सांगितलं, चहात आणि हिरड्यात दोन्हींत टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. तो लोहाला धरून ठेवतो, मग ते लोह आपल्या अंगात नीट मुरत नाही. लिंबाने उलटं होतं, लोह मुरायला मदत होते. आजी कधी शाळेत गेली नाही, पण आमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्या विळ्यावर होतं.

आता तुमच्याकडे येतो. पाहणीत असं दिसलं आहे की देशात 15 ते 49 वर्षांच्या 100 बायांमागे 57 जणींना रक्त कमी आहे. आम्ही आपापल्या घरी बघितलं. आई सगळ्यांत शेवटी जेवते. भाजी संपलेली असते, मग भाकरी चहात बुडवून खाते. दर महिन्याला पाळीत रक्त जातं ते वेगळंच. चक्कर येऊन पडलेल्या मुलीने हट्ट करून आईला उपकेंद्रात नेलं. आईचं हिमोग्लोबिन तिच्यापेक्षाही कमी निघालं. "कामाने दमायला होतं" असं त्या कित्येक वर्षं म्हणत होत्या. आता मायलेकी दोघी सांगितल्याप्रमाणे गोळी घेतात, एकमेकींना आठवण करतात.

म्हणून आमचं सांगणं एवढंच. गटाच्या पुढच्या बैठकीला सिस्टरांना बोलवा आणि सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. चहा जेवणाला लागून घेऊ नका, तासभर मागेपुढे घ्या. मेथी, हरभऱ्याची भाजी, बाजरी, तीळ, अळीव खा, वर लिंबू पिळा, पेरू खा. जमेल तेव्हा लोखंडी कढईत भाजी करा. शाळेत, अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती मुलांना चुकवू नका, कारण काही जंत आतड्यातून रक्त पितात. नियमित गोळी घेऊनही रक्त वाढलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, कारण वेगळं असू शकतं. आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. त्यांनी जास्त खाल्ल्या तर जिवावर बेततं.

शेवटचं एक मागणं. आम्ही घरी "का?" विचारलं की "फार शहाणी झालीस" असं म्हणू नका. उत्तर माहीत नसेल तर म्हणा, "करून बघू." आठवीनंतर आमची शाळा लांब जाणार आहे, वाटेत ओढा आहे, एसटी एकच आहे. पुढे शिकवायचं की नाही, हे घराघरांत बोललं जातं, ते आम्हाला ऐकू येतं. तेव्हा गुणपत्रिका बघाच, पण त्या तीन पेल्यांची गोष्टही आठवा. तिसरा पेला जिने ठेवायला लावला, तिलाही पुढे शिकायचं आहे.

सोमवारी आम्ही जेवून गोळी घेतो. खिडकीखालच्या गवतात आता काही सापडत नाही.