राजासौरसचा नकाशा आणि घरची ट्रंक

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



गणपतीसमोर डायनासोरचे काय काम, असे कुणाला वाटेल. पण बाप्पा विद्येची देवता, आणि आजचा विषय आपल्या बडोद्याच्या शेजारचाच आहे. बालासिनोरजवळचे रैयोली गाव इथून मोटारीने दोन-अडीच तासांवर.

मांसाहारी डायनासोर म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला राक्षस येतो. या घराण्याचे पूर्वज मात्र लहानखुरे होते. अर्जेंटिनातला इओड्रोमेअस सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचा. दोन पायांवर धावणारा हा प्राणी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जेमतेम सव्वा मीटर होता. २०११ मध्ये त्याचे वर्णन करणाऱ्या पथकात पॉल सेरेनो होते. त्याच सेरेनोंचे नाव आपल्या रैयोलीशीही जोडलेले आहे.

१९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे सुरेश श्रीवास्तव यांनी रैयोलीत उत्खनन केले. तिथे हाडांची नुसती सरमिसळ होती. श्रीवास्तवांनी एक काम चोख केले: कोणते हाड नेमके कुठे पडले होते, याचा नकाशा काढून ठेवला. मग हाडे संग्रहात गेली आणि वर्षे लोटली.

पुढे जेफ्री विल्सन, सेरेनो आणि पंजाब विद्यापीठाचे अशोक साहनी प्रभृतींनी ती हाडे पुन्हा तपासली. नकाशा पाहिल्यावर उमगले की यातली कित्येक हाडे एकाच प्राण्याची आहेत. कवटीचा भाग, मणके, कंबर, पाय जुळत गेले. २००३ मध्ये त्याचे बारसे झाले: राजासौरस नर्मदेन्सिस, नर्मदेकाठचा राजा. सहा-सात मीटर लांब, कपाळावर बुटके शिंग, काळ साडेसहा कोटी वर्षांहून थोडा मागचा. त्याचे भाऊबंद मादागास्कर आणि दक्षिण अमेरिकेत सापडतात, कारण हे भूखंड एकेकाळी जोडलेले होते.

नकाशा नसता, तर ती नुसती हाडेच राहिली असती.

आता घरचे सांगतो. आमच्याकडे आजोबांची पत्र्याची ट्रंक आहे. आत जुने फोटो: कुणाची मुंज, कुठल्याशा वाड्यासमोर फेटे बांधून बसलेली मंडळी. आजीला सगळे चेहरे पाठ होते. “एकदा बसून लिहून घेऊ,” असे मी दर दिवाळीत म्हणे. ती गेली, आणि पाठकोरे फोटो उरले. ते कोणाचे, हे आता सांगणारे कुणी नाही.

आपली घराणी चार-पाच पिढ्यांपूर्वी या शहरात आली. कोण कुठल्या गावाहून आले, कोणत्या कामावर लागले, हे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना अजून ठाऊक आहे. म्हणून दोन विनंत्या. मुलांना रैयोलीचे जीवाश्म उद्यान दाखवा. तिथला एक खडाही खिशात घालू देऊ नका, कारण जागेवरून हललेला दगड मुका होतो. आणि अनंत चतुर्दशीच्या आत घरातली एक ट्रंक उघडा. आजी-आजोबांना शेजारी बसवा, फोटोमागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा.

आपल्याला जुळवणारे कुणी वीस वर्षांनी येईल. त्याच्यासाठी नकाशा ठेवून जाऊ.

गणपती बाप्पा मोरया!