दोन औषधे हरल्यावर

लोणंद हे कांद्याच्या बाजाराचे गाव. त्यामुळे आमच्याकडे कुणाला फिट आली, तर नाकाशी धरायला कांदा शोधावा लागत नाही. कांदा नसला तर चप्पल असतेच. फिट बहुधा एक-दोन मिनिटांत आपली आपण थांबते आणि श्रेय मात्र कांद्याला मिळते.

आज मला बोलायचे आहे ते कांदा, चप्पल, भगत हे सगळे केव्हाच मागे टाकलेल्या घरांविषयी. या घरांत डॉक्टरांची औषधे चालू आहेत, गोळी सहसा चुकत नाही, आणि तरीही फिट येतच राहते. गावात जनरल प्रॅक्टिस करताना अशी माणसे मला नेहमी भेटतात. एका शेतकरी कुटुंबातली मुलगी गेली सहा वर्षे गोळ्या घेते आहे. महिन्यातून तीन-चार वेळा तिची शुद्ध हरपते. कॉलेज सुटले, विहिरीकडे आणि चुलीकडे जायला बंदी झाली. घरच्यांचे म्हणणे एकच : "डॉक्टर, हिला गोळ्या लागू पडत नाहीत. नशीब म्हणायचे."

हे नशीब नव्हे. वैद्यकशास्त्रात याला औषधांना दाद न देणारा अपस्मार म्हणतात आणि त्याची व्याख्या ठरलेली आहे. रुग्णाच्या प्रकाराला योग्य अशी दोन औषधे, सोसतील अशा पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही फिट थांबल्या नाहीत, तर तो या गटात मोडतो. अपस्मारावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही व्याख्या २०१० साली मांडली.

दोनच औषधे का? २००० साली ग्लासगो येथील संशोधकांनी, आधी कोणतेही औषध न घेतलेल्या ४७० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शंभरातल्या ४७ जणांच्या फिट पहिल्याच औषधाने थांबल्या, १३ जणांच्या दुसऱ्याने. त्यापुढे कितीही बदल केले तरी जेमतेम चौघांनाच गुण आला. त्याच शहरातल्या सुमारे १८०० रुग्णांचा अभ्यास २०१८ मध्ये आला. मधल्या काळात डझनभराहून अधिक नवी औषधे निघाली होती, पण तिघांपैकी एकाच्या फिट चालूच राहतात हे चित्र फारसे बदलले नव्हते.

औषध हरते कशामुळे? शास्त्रज्ञांनी काही तर्क मांडले आहेत. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत परक्या द्रव्याला बाहेर ढकलणारे रखवालदार असतात. काही रुग्णांत ते इतके वाढतात, की औषध नेमक्या जागी पुरेसे पोचतच नाही. दुसरा तर्क असा, की औषध ज्या कुलपाची किल्ली आहे, ते कुलूपच बदललेले असते. तिसरा असा, की वारंवारच्या फिटने मेंदूतल्या पेशींची जोडणीच नव्याने होते. कोणताही एक तर्क सर्वांना लागू पडत नाही. मात्र काही रुग्णांत एमआरआय तपासणीत दोष उघड दिसतो : जन्मतःच चुकीची बसलेली पेशींची घडण, कानशिलामागच्या भागातला व्रण, किंवा आपल्या देशात बऱ्याचदा आढळणाऱ्या फीतकृमीच्या गाठीची खूण.

पण त्याआधी एक खात्री करायला हवी. हरले ते खरोखर औषधच का? गोळी संपली म्हणून चार दिवस खंड पडतो. उपास, जागरण, दारू यांनी फिट उसळते. लोणंदला माउलींची पालखी मुक्कामाला असते तेव्हा मी वारकऱ्यांना आवर्जून विचारतो, "पिशवीत गोळ्या आहेत ना?" कधी औषधच प्रकाराला जुळत नाही. सकाळी उठल्यावर हाताला झटके बसणाऱ्या एका प्रकारात कार्बामॅझेपीनने त्रास उलट वाढू शकतो. कधी तो अपस्मार नसतोच. हृदयाच्या बिघाडाने किंवा मनावरच्या ताणाने आलेली ती बेशुद्धी असते. म्हणून शक्य असेल तर फिट येताना मोबाईलवर चित्रण करा. तज्ज्ञाला ते दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगून जाते.

हे सारे तपासूनही दोन औषधे हरली, तर तिसऱ्या-चौथ्या गोळीची वाट पाहत वर्षे घालवू नका. अपस्मार केंद्र असलेल्या मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी मागा. फिट एकाच जागेतून उठत असेल आणि ती जागा काढण्याजोगी असेल, तर शस्त्रक्रिया होऊ शकते. दिल्लीच्या एम्समधला २०१७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ११६ मुलांचा होता. वर्षभरानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७७ टक्के मुले फिटमुक्त होती. नुसत्या औषधांवर असलेल्यांपैकी ७ टक्के. अर्थात, शस्त्रक्रिया झालेल्या तिघांपैकी एकाला गंभीर त्रासही झाला, त्यात बहुतेकांना शरीराच्या एका बाजूची कमजोरी आली. त्यामुळे निर्णय पूर्ण तपासणीनंतर, सगळे समजून घेऊनच करायचा. शस्त्रक्रिया जमत नसेल तर लहान मुलांत भरपूर स्निग्धांशाचा, देखरेखीखालचा आहार आणि मानेतल्या मज्जातंतूला स्पंदने देणारे यंत्र हेही मार्ग आहेत. खर्चापैकी सरकारी योजनेत काय बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

राहता राहिला समाज. अपस्मार हे विवाह रद्द करण्याचे कारण कायद्यातून १९९९ साली वगळले गेले, पण आपल्या बैठकीतून ते अजून गेलेले नाही. लग्न ठरवताना आजार लपवला, की सासरी गोळ्याही लपवाव्या लागतात. मग त्या चुकतात, आणि फिट येते. पुण्यात स्वतः अपस्माराशी झगडलेल्या यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना' हा गट उभा केला. तिथे ही माणसे मोकळेपणी बोलतात.

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच पुन्हा आली, तर थेट रुग्णालय गाठा. मनाने गोळी मात्र कधीही बंद करू नका. त्या मुलीच्या वडिलांच्या हाती मी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली आहे. तुमच्या ओळखीच्या अशा घरालाही एवढे जरूर सांगा : दोन औषधे हरली, म्हणजे उपाय संपले असे नव्हे.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)