हात कपाळाला लावणारी मुले

फिलिपाइन्समध्ये वडीलधाऱ्यांचा हात हाती घेऊन तो आपल्या कपाळाला लावण्याची रीत आहे. तिला ‘मानो’ म्हणतात. शब्द मूळचा स्पॅनिश. अर्थ केवळ ‘हात’. ज्या आईचा हात मुलांनी जन्मभर असा कपाळाला लावला, तीच एके दिवशी मासळीचे पैसे दोनदा देऊन येते; सकाळचाच प्रश्न दुपारपर्यंत चारदा विचारते. मुले हसतात आणि म्हणतात, ‘उल्यानिन झाली.’ म्हणजे वयाने विसरभोळी झाली. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मराठी घरांत विषय मिटतो, तसाच तेथे या एका शब्दाने मिटतो.

घात होतो तो येथेच. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे निराळे आणि आयुष्यभर रांधलेल्या आदोबोत आधी काय घालावयाचे हे विसरणे निराळे. शिवाय थायरॉइडच्या विकाराने किंवा ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेनेही स्मृती मंदावते, आणि ती उपचारांनी सुधारू शकते. तेव्हा डॉक्टरांकडे लवकर जावे हे उघड आहे. पण आईला तसे सांगावे कोणी? तो उद्धटपणा ठरावयाचा. आदरच असा उपचाराच्या आड येतो.

आईवडिलांच्या उपकाराला तेथे ‘उतांग ना लोओब’ म्हणतात, म्हणजे अंतरंगीचे ऋण. वृद्धांचा सांभाळ हे कुटुंबाचे कर्तव्य, असे १९८७ च्या राज्यघटनेतही लिहिले आहे. २०१० च्या कायद्याने ६० वर्षांवरील नागरिकांना औषधांवर २० टक्के सूट मिळते. जागरणांची वाटणी मात्र कोणत्या कायद्याने करावी? एक लेक इस्रायलमध्ये परक्याच्या आईची शुश्रूषा करून पैसे पाठविते. दुसरी घरी राहून आपल्या आईवर नजर ठेविते. फोनवर आई दहा मिनिटे अगदी नीट बोलते. परदेशातल्या लेकीला वाटते, बहीण उगाच बाऊ करीत आहे. घरच्या लेकीला हा संशय जागरणाहून जड जातो.

खरे तर आरंभीचा हा काळच मोलाचा. कोणाजवळ राहावयाचे, पैशाचा व्यवहार कोणाच्या हाती द्यावयाचा, हे आई अजून स्वतः सांगू शकते. तिला विचारावे, आणि परदेशातल्या लेकीने ते फोनवरून का होईना, ऐकावे. चूल दुसऱ्या कोणी सांभाळावी. तांदूळ धुण्याचे काम मात्र आईकडेच राहू द्यावे. दोनदा धुतले, तर धुतले.