हरण्याची सवय मोडताना



आज एका फुटबॉल संघाबद्दल बोलणार आहे. आपल्या मैदानावरचा फुटबॉल नव्हे, अमेरिकेतला. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचा आणि हेल्मेट घालून धडका द्यायचा. तिथे कॉलेजांचे सामने पाहायला हजारो लोक येतात, काही ठिकाणी तर लाखभर.

इंडियाना विद्यापीठाचा संघ १८८७ पासून खेळतोय. पण त्याची ओळख काय होती? मोठ्या कॉलेज संघांमध्ये तोवर सर्वाधिक सामने हरलेला संघ! २०२३ मध्ये १२ पैकी ९ सामने त्यांनी गमावले. गावाला वेड बास्केटबॉलचं. फुटबॉलबद्दल सगळ्यांनी धरूनच चाललेलं की इथे काही होणार नाही.

त्या हंगामानंतर कर्ट सिग्नेटी हे नवे मुख्य प्रशिक्षक आले. वय ६२. हा माणूस पूर्वी अलाबामाच्या बलाढ्य संघात सहायक प्रशिक्षक होता. २०११ मध्ये ती जागा सोडून तो पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या विद्यापीठात, कमी पगारावर, मुख्य प्रशिक्षक म्हणून गेला. तिथून एकेक पायरी चढत इंडियानात पोहोचला.

आल्यावर त्याने काय केलं? आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले १३ खेळाडू त्याच्यापाठोपाठ इंडियानात आले. इतर कॉलेजांतूनही अनुभवी मुलं घेतली. यातली पुष्कळ मुलं मोठ्या संघांनी शाळेतून निवडलेली नव्हती. पण सराव कसा करायचा, वेळ कशी पाळायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. जुन्या मुलांना शिस्तीवर व्याख्यान ऐकण्याची गरज उरली नाही; ती शिस्त पाळणारी मुलं रोज शेजारीच उभी होती.

आणि मग २०२४ चा हंगाम. पहिले दहाच्या दहा सामने जिंकले. नेब्रास्काला ५६-७ ने हरवलं. आदल्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेत्या मिशिगनला २०-१५ असं, जेमतेम पाच गुणांनी. याआधी या संघाने एका हंगामात नऊच्या वर विजय कधीच पाहिले नव्हते. नंतर ओहायो स्टेटने ३८-१५ असं जमिनीवर आणलं. पुढच्याच आठवड्यात या पोरांनी शेजारच्या पर्ड्यूला ६६-० ने धुतलं. शेवटी राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत नोत्र दामकडून २७-१७ असे हरले. एकूण ११ विजय, २ पराभव.

टीकाकार म्हणाले, सोपे प्रतिस्पर्धी मिळाले. त्यात तथ्य आहे. दोन्ही पराभव तगड्या संघांकडूनच झाले. या खेळात पैसाही अफाट आहे, हेही लपवू नये.

मग यात आपल्यासाठी काय? आपल्या मोहल्ल्यात, कट्ट्यावर एक वाक्य सारखं ऐकू येतं, "आपल्यातून काय होणार?" स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच पोरगा हे म्हणतो. पोरीची शाळा सोडवतानाही हेच म्हटलं जातं. इंडियानाची गोष्ट सांगते की मागचा हिशेब खरा असला, तरी पुढच्या सामन्याचा निकाल त्यात लिहिलेला नसतो.

पण मी तुम्हाला फसवणार नाही. मैदानावर दोन्ही संघांना नियम सारखे असतात. आपल्याला नाव ऐकून घर नाकारलं जातं, मुलाखतीत दाढी किंवा हिजाब पाहून चेहरे बदलतात. हा काही आपल्या मनोवृत्तीचा दोष नाही. तो अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध संविधानाच्या बळावर लढावंच लागेल. "जरा मेहनत करा, सगळं ठीक होईल" असं सांगणाऱ्यांना हे ठणकावून सांगा.

मात्र ती लढाई लढायलाही संघ लागतो. वेळेवर येणारी, कागदपत्रं नीट ठेवणारी, माहितीचा अधिकार वापरता येणारी दहा-बारा मुलंमुली एका वस्तीत असली, की बाकीचे त्यांना पाहून शिकतात. आणखी एक ध्यानात घ्या: तो प्रशिक्षक मोठ्या संघातली सुरक्षित जागा सोडून छोट्या मैदानावर गेला होता. तुमच्यातल्या शिकलेल्यांनी आठवड्यातले दोन तास वस्तीतल्या अभ्यासिकेला दिले, तर तेही तसंच एक छोटं मैदान आहे.

एक हंगाम म्हणजे बारा-तेरा सामने. आपणही एका वर्षाचंच ठरवू. पुढच्या वर्षी आपल्या वस्तीतली किती मुलं दहावीनंतर शाळाबाहेर राहिली, हे मोजू. आज तो आकडा कुणाकडे आहे? नसेल, तर पहिलं काम तेच.