पट्टादार आणि कौलदार



तेलंगणात खंडाने जमीन कसणाऱ्यास ‘कौलु रैतु’ म्हणतात. कौल आणि रयत, दोन्ही शब्द मराठी दप्तरातले जुने रहिवासी. कौलनामा म्हणजे रयतेस दिलेले लेखी अभय. आजच्या कौलु रैतूजवळ बहुधा नेमका हा लेखच नसतो.

शेतीला साह्य देण्याची आपली जुनी रीत वस्तूमार्फत जाणारी होती. १९९२ साली स्फुरद व पालाश खतांवरील किंमत-नियंत्रण उठले, युरियाचे मात्र राहिले. २०१० च्या पोषणद्रव्याधारित अनुदानातूनही युरिया वगळला गेला. शेतकरी स्वस्त तेच टाकीत गेला आणि जमिनीचा तोल ढळला. त्यापेक्षा रोख रक्कम सरळ शेतकऱ्याच्या हाती द्यावी, हा विचार मग बळावला. १० मे २०१८ रोजी तेलंगणात ‘रैतु बंधु’ योजना सुरू झाली. हंगामाला एकरी ४,००० रुपये, पुढे ५,०००. पेरणीच्या तोंडावर सावकाराची पायरी न चढता बियाण्याची सोय झाली, हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु रक्कम गेली ती पट्ट्यामागे, नांगरामागे नव्हे. दोन एकरवाल्यास वर्षाला २०,००० रुपये आणि तीस एकरवाल्यास ३ लाख. मग तो तीस एकरवाला शहरात राहून शेत खंडाने देत असला तरी. कसणारा कौलदार कोरडाच. (या सभागृहातही वडिलोपार्जित जमिनीचे धनी असतील आणि तिथे औत दुसऱ्याचे चालत असेल, तेव्हा प्रश्न अगदीच परका नाही.)

१५ ऑगस्ट २०१८ पासून ‘रैतु विमा’ आला. १८ ते ५९ वयाचा पट्टादार निवर्तल्यास वारसास ५ लाख रुपये. शेजारच्याच शेतात राबणारा कौलदार गेला, तर त्या कारणाने त्याच्या विधवेस काहीच नाही. कर्ज मात्र दोन्ही घरांत सारखेच मागे उरते.

हे का घडते? हैदराबाद संस्थानाच्या मुलखात १९५० साली कूळकायदा झाला. तेव्हा मराठवाड्याचे जिल्हेही त्याच राज्यात होते. कुळाला संरक्षण मिळावे, हा त्याचा हेतू. पण कागद केला तर कूळ हक्क सांगेल, या धास्तीने मालक तोंडी व्यवहाराकडे वळले. संरक्षणाच्या कायद्यानेच कूळ कागदावरून पुसले जावे, हा दैवदुर्विलास!

देशातील सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ वर आले. एवढ्यात कुटुंब पोसत नाही, म्हणून लहान शेतकरी शेजारची जमीन खंडाने धरतो. म्हणजे कौलदार अनेकदा दोन एकरांचा पट्टादारही असतो. ज्या दोन एकरांवर त्याला साह्य मिळते, त्याच्या दुप्पट तो साह्याविना कसतो.

२०२३ च्या निवडणुकीत कौलदारांनाही साह्याचे आश्वासन मिळाले होते. २६ जानेवारी २०२५ रोजी ‘रैतु भरोसा’ आला, रक्कम वर्षाला एकरी १२,००० झाली. आधार मात्र पट्ट्याचाच राहिला.

उपाय अज्ञात नाही. अविभक्त आंध्र प्रदेशाने २०११ साली कायदा करून कसणाऱ्यास एका वर्षाचे कार्ड देऊ केले होते. त्यावर कर्ज मिळावे आणि मालकीला धक्का लागू नये, अशी योजना. विमा आणि हंगामाचे साह्य त्या कार्डाला जोडायला नवा शोध लागत नाही. त्यासाठी गावात जाऊन, कोणते शेत कोण कसतो, हे दर हंगामी लिहून घ्यावे लागेल.