शून्य म्हणजे शून्य नव्हे : डार्ट्सचा हिशोब

आज डार्ट्स. विषय भोरमधून आलाय. गेल्या पावसाळ्यात गावी बोर्ड नेला आणि आमच्या पडवीत टांगला.

आधी मापं, कारण इथेच सगळे चुकतात. बोर्डाचा मधला ठिपका, म्हणजे बुल, जमिनीपासून १७३ सेंटीमीटरवर. बोर्डापासून २३७ सेंटीमीटरवर रेघ मारायची, पाय तिच्या मागे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर आम्ही ती खडूने मारली. आणि पोरंटोरं बोर्डाच्या बाजूला फिरकणार नाहीत, एवढं बघायचं.

एका बारीला तीन डार्ट. वीस घरं, जिथे लागेल तेवढे गुण. बाहेरच्या बारीक कड्यात लागला तर दुप्पट, मधल्या बारीक कड्यात तिप्पट. बुलचं बाहेरचं वर्तुळ २५, आतलं ५०. खाली पडलेला डार्ट शून्य. तिन्ही ट्रिपल वीसमध्ये बसले तर १८०, याच्या वर एका बारीत काही नाही.

आता नवख्यांसाठी माझा सल्ला: विसाच्या मागे लागू नका. त्याच्या दोन्ही बाजूंना ५ आणि १ बसवलेत, मुद्दामच! डावीकडे १४ च्या आसपास मारा. तिथे शेजारी ११ आणि ९, म्हणजे हात हलला तरी फार नुकसान नाही.

गुण वाढत नाहीत, कमी होतात. ५०१ पासून खाली यायचं, आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच लागला पाहिजे. आतला बुलही डबल धरतात.

भांडण इथेच झालं. माझा चुलतभाऊ वेल्ह्याचा. (कागदावर आता राजगड तालुका, आमच्या तोंडी वेल्हंच.) लावणी उरकून आला होता. लाईट नाही, रेंज नाही, माझं स्कोअरचं ॲप बंद. पाटीवर हिशोब दादाच करत होता, आणि माझ्यापेक्षा भराभर. माझे २४ उरले होते. डबल बारावर नेम धरला, लागला साधा १२. दुसराही साधा १२. मी ओरडलो, ‘संपला डाव!’ दादा म्हणाला, ‘अरे, शेवट डबलने ना? तूच सांगितलंस.’ मी म्हटलं, शून्य म्हणजे शून्य. वर बीटेकचा रुबाब. दादा काही बोलला नाही, पाटी ठेवली आणि गाडीला किक मारली.

रात्री रेंज आल्यावर नियम वाचले. त्याला ‘बस्ट’ म्हणतात. डबलशिवाय शून्य झालं, शून्याच्या खाली गेलं, किंवा १ उरला (एकाचं डबल होतच नाही), तर बारी तिथेच संपते आणि गुण बारीच्या सुरुवातीला होते तेवढे परत. म्हणजे माझे २४ च.

सकाळी फोन केला. ‘दादा, मी चुकलो.’ तो म्हणाला, ‘माझे किती होते, आठवतंय?’ ३२ होते.

बत्तीस हा आकडा फार सोयीचा. डबल सोळा हुकून साधा सोळा लागला तरी १६ उरतात, मग डबल आठ, मग चार, दोन, एक. निम्मं करत जायचं. आमच्या कोडमध्येही हेच आकडे, पण मला हे दिसलं नव्हतं. दादाने मात्र तो ३२ ठरवून ठेवला होता.

पुढच्या रविवारी डाव तिथूनच सुरू केला. मी २४, दादा ३२, बारी दादाची. पहिला साधा सोळा. दुसरा साधा आठ. तिसरा डबल चारमध्ये, तारेला घासून आत.

पाटी त्याने माझ्या हातात दिली.